कॉलरमागचे नाव

जुने कपडे घराबाहेर पडण्याची आपल्याकडची रीत फार काळ एकच होती. दुपारची जेवणे आटोपली की बोहारीण दारात येई, डोक्यावरची पाटी उतरवी, आणि एका पातेल्यासाठी दोन साड्या, तीन शर्ट व वर 'अजून काहीतरी घाला ना बाई' असा व्यवहार तासभर चाले. इंदूरच्या मराठी घरांत वाढलेल्या आम्हां चौघींनाही तो चांगला आठवतो. तिची परीक्षा कडक असे. ती कापड उजेडासमोर धरी, बगलेच्या शिवणीत बोट घाली, कॉलर उलटी करून पाही, विजारीची बैठक दोन अंगठ्यांनी ताणून बघे. कॉलरमागे कोणाचे नाव शिवले आहे, हे मात्र तिने कधी पाहिले नाही. तिला वाचता येत नसावे हे खरे. पण वाचण्याची गरजही तिला कधी पडली नाही.

आज आम्ही चौघी तिच्याच जागेवर बसलो आहोत. बारा वर्षांपूर्वी रामबागेतील एका जुन्या घराची पुढची खोली भाड्याने घेऊन आम्ही वापरलेल्या कपड्यांची विक्री सुरू केली. मंगळवारी आणि शनिवारी खोली उघडते. भाडे, वीज आणि धोब्याचे पैसे वजा जाता जे उरते, त्यातून काही मुलींच्या परीक्षेची फी आणि बसचा पास भागतो. कपडे तीन वाटांनी येतात. काही घरे तसेच देतात; काही घरे विक्रीतला निम्मा वाटा मागतात; आणि एवढ्याने मांडणी भरत नाही म्हणून एका ठोक व्यापाऱ्याकडून आम्ही नगावर माल विकत घेतो. हा गृहस्थ गठ्ठा सोडण्यापूर्वीच विचारतो, "दीदी, कौनसा ब्रँड चाहिए?" या प्रश्नाचे उत्तर देण्यातच आमचा अर्धा धंदा आहे.

ब्रँड ही नव्या पिढीची गोष्ट, असे आपण सहज म्हणतो. ते तितकेसे खरे नाही. नाव पूर्वीही होते, केवळ त्याची जागा वेगळी होती. पूर्वी नाव असे ते कापडाच्या किनारीवर, गिरणीचे. शिंप्याने कापड बेतले की ती किनार कात्रीखाली जाई, आणि शर्टाच्या कॉलरमागे येई ती शिंप्याची पट्टी. अंगावरच्या कपड्याची गिरणी कोणती, हे पुढे घरच्यांच्या स्मरणातच राही. ठाण्याला १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडचे कापड लग्नात मिळाल्याचे वडीलधारी माणसे तीस वर्षे सांगत, ते या कारणाने. तयार कपडे रूढ झाले तसे कापडाचे नाव मागे पडले आणि शिवून विकणाऱ्याचे नाव मानेशी येऊन बसले.

आमच्या शहराला तर नाव आणि वस्तू यांची ताटातूट नवी नाही. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधल्या बत्तीस वर्षांत कित्येक कामगार जगातून निघून गेले होते. मालवा मिलचा भोंगाही केव्हाच थांबला, पण रिक्षावाल्याला आजही 'मालवा मिल' एवढेच सांगितले तरी पुरते. कापड विणणारा कारखाना जातो आणि चौकाचे नाव उरते. म्हणून नावाला काही किंमत नाही, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. पण नाव म्हणजेच कापड, असेही आम्हांला म्हणवत नाही.

पुरुषांच्या शर्टांत आम्ही काही नावे डोळे झाकून मागतो. फ्रान्सच्या राजाचे नाव मिरवणारा लुई फिलिप हा ब्रँड १९८९ साली आपल्याच देशात जन्मला, हे सांगितले की गिऱ्हाइके चकित होतात. माँटे कार्लो हा लुधियान्याचा, १९८४ सालचा. ॲलन सॉली व पीटर इंग्लंड ही नावे मूळची तिकडची, पण आपल्याकडे आली अनुक्रमे १९९३ आणि १९९७ साली. या नावांची आमची पसंती प्रतिष्ठेपायी नाही. त्यांच्याकडे चाळीस म्हणजे चाळीसच असते. आमच्या खोलीत कपडा घालून पाहण्यास आडोसा नाही, एक पडदा आहे. संध्याकाळी घाईत आलेला सुरक्षारक्षक माप विचारतो आणि घेऊन जातो. त्याला ते घरी जाऊन बसले पाहिजे. शिवाय असे शर्ट बहुधा कचेरीत बसणाऱ्याने घातलेले असतात. कॉलर आणि कफ सोडले तर बाकी कापड नव्यासारखे निघते. कॉलर उसवून उलटी लावण्याची जुनी युक्ती आमच्यातील एकीला येते. त्यावर कित्येक शर्ट आणखी तीन वर्षे चालले आहेत.

परंतु एका नावाखाली एकच वस्तू असते, हा समज सोडावा लागतो. एकच कंपनी महाग आणि स्वस्त अशा दोन-तीन दर्जांचा माल काढते. सवलतीच्या दुकानांसाठी वेगळाच शिवून घेते. दहा वर्षांपूर्वीचा आणि गेल्या वर्षीचा शर्ट शेजारी ठेवला तर वजनातला फरक हाताला कळतो. नकली माल तर विचारूच नका. म्हणून कॉलरमागचे नाव वाचून झाले की आम्ही कपडा उलटा करतो आणि बाजूच्या शिवणीतील पांढरी पट्टी शोधतो. तिथे धागा कोणता, किती टक्के, धुवावे कसे हे लिहिलेले असते. पुष्कळदा जादा बटणही तिथेच टाचलेले सापडते. छातीवरील नक्षी कोणीही भरतो. आतल्या पट्टीवर नकलाकार सहसा मेहनत घेत नाही. त्यानंतर शिवणमाया पाहायची. आपल्या शिवणकामातला हा शब्द आम्हांला फार आवडतो. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखलेले असते ती माया. ती असेल तर कपडा सैल करता येतो, दुसऱ्याच्या अंगाला लावता येतो. नसेल तर तो पहिल्या मालकाबरोबरच संपला.

काही वस्तू नाव कितीही मोठे असले तरी आम्ही परत करतो. ताणला जाणारा धागा मिसळलेल्या विजारी उष्णतेने आणि ब्लीचने सैलावतात. गुडघ्याला एकदा फुगवटा आला की तो जात नाही. कातड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम जाकिटांचा पापुद्रा दमट हवेत काही वर्षांत आपोआप सुटू लागतो. न वापरताही सुटतो, हे देणाऱ्याला पटत नाही. एका मोठ्या साखळी-दुकानाचे झगे गठ्ठ्यात भरपूर येतात. तीन धुण्यांत काखेशी गोळे धरतात. स्वस्त म्हणून ते घेतले जातील, पण सहा महिन्यांनी त्याच बाईला पुन्हा यावे लागेल. तिच्या शंभर रुपयांत सहा महिने मिळाले की तीन वर्षे, एवढाच हिशेब आम्ही धरतो.

याउलट एक जात अशी की जिला नावच नसते आणि जी आम्ही कधी सोडत नाही. निर्यातीसाठी शिवलेला पण शिल्लक राहिलेला माल देशी बाजारात येतो तेव्हा त्याचे लेबल पुष्कळदा कापलेले असते. दिल्लीच्या सरोजिनीनगरात आणि मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर असे ढीग पिढ्यान्पिढ्या विकले गेले. मानेशी कात्रीने अर्धवट कापलेली पट्टी दिसली की आमची नजर तिथे थांबते. टाके बारीक, काज स्वच्छ, बटणे शिंपल्याची. बोहारणीने हाच कपडा आधी उचलला असता.

साडीचे शास्त्र निराळे. तिला कॉलर नाही, त्यामुळे नाव लपवायलाही जागा नाही. माहेश्वरी, चंदेरी, पैठणी ही गावांची नावे झाली. विणणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. जुनी जरीची साडी आली की आम्ही दोनदा विचार करतो, कारण तिचा दुसरा गिऱ्हाईक ठरलेला असतो. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. तो माणूस पदर पाहत नाही, काठ तोलतो. साडी जाळून चांदी काढतो. त्याचा भाव आमच्या भावाहून नेहमीच चढा असतो. आमच्यात यावर मतभेद झाले. दोघींचे म्हणणे, फीचे पैसे आणायचे तर चढा भाव सोडू नये. शेवटी असे ठरले की रेशीम घडीवर फाटत असेल तरच जर मोडीत द्यावी. नेसण्याजोगी साडी मोडीत जाणार नाही. हा नियम आम्हांला दरवर्षी काही हजारांना पडतो.

दुसरा वाद ताजा आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर वापरलेले कपडे इन्स्टाग्रामवर विकणारी तरुण मंडळी पुष्कळ निघाली. आमच्यातील एकीची नात त्यांतलीच. आमची मांडणी पाहून तिने कपाळाला हात लावला. तिचे म्हणणे, शर्ट कसले विकता? जुनी डेनिम जाकिटे, लिव्हाइसच्या विजारी, परदेशी संघांच्या जर्सी उचला. एका जाकिटात अकरा शर्टांचे पैसे सुटतील. तिचा अभ्यास लटका नाही. लिव्हाइसच्या मागच्या खिशावरील तांबड्या पट्टीत 'ई' हे इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीत असेल तर ती विजार १९७१ पूर्वीची, हे तिनेच आम्हांला शिकवले. (असली विजार रामबागेत येईल ही आशा तिने अद्याप सोडलेली नाही.) हिशेबाने तिचेच बरोबर आहे. पण जाकिटाला गिऱ्हाईक बंगळूरला. आणि मंगळवारी खोलीत येते ती घरकाम करणारी बाई, परिचारिकेचे शिक्षण घेणारी मुलगी, भंवरकुआँच्या शिकवणीवर्गांसाठी धारहून आलेला मुलगा. तेव्हा एक पेटी तिच्या नावाने वेगळी ठेवली आहे. तिच्या जाकिटांतून भाडे निघते, हे मान्य करावे लागते. मांडणी मात्र शर्टांचीच राहिली.

नाकारलेल्या मालाचे काय होते, तेही आम्ही पाहिले आहे. सुती चिंध्या गॅरेजांत यंत्रे पुसायला जातात. लोकरीचे पानिपतला. मराठी कानाला त्या गावाचे नाव वेगळेच ऐकू येते. पण जगभरची टाकून दिलेली लोकर आज तिथे पोहोचते. रंगाप्रमाणे ढीग लागतात, बटणे आणि चेन कापल्या जातात, लेबल उसवले जाते, आणि यंत्रात पिंजून त्याच लोकरीचा नवा धागा व कांबळी होतात. परदेशांतून आलेला घालण्याजोगा माल कच्छच्या कांडल्यात निवडला जातो आणि बराचसा पुढे आफ्रिकेला रवाना होतो. तिथे निवडणाऱ्या बायका, आमच्यासारख्याच, दिवसभर कपडे उलटे करून पाहत असतात.

गेल्या चैत्रात शिकवणीवर्गातला एक मुलगा मुलाखतीसाठी शर्ट घ्यायला आला. आम्ही त्याच्यापुढे दोन ठेवले. एक लेबल कापलेला, निर्यातीचा, कापड अप्रतिम. दुसरा नाव असलेला, कफाशी किंचित विरलेला. दोन्हींची किंमत एकच. त्याने दोन्ही हातात घेतले, कॉलर उलटून पाहिली आणि नावाचा निवडला. आमच्यातील एकीने समजावले, अरे, हा अधिक चांगला आहे, आणि नाव तर आत असते, ते कोणाला दिसणार?

तो म्हणाला, "कोणाला नाही दिसलं तरी चालेल काकू. मला ठाऊक असेल ना."

यावर आम्ही चौघीही काही बोललो नाही. कफाला आतून पट्टी लावून तो शर्ट त्याला दिला. त्या दिवसापासून व्यापाऱ्याला दिलेल्या यादीत एक ओळ वाढली आहे: चांगल्या नावाचे बारा शर्ट, एकोणचाळीस ते बेचाळीस मापाचे, नेहमी शिल्लक असावेत. बोहारणीच्या कसोटीत हे बसत नाही. तिच्याकडे मुलाखतीला जाणारे कोणी येत नव्हते.

सध्या खोलीत एक सूट टांगलेला आहे. एका बाईंनी यजमानांच्या पश्चात आणून दिला. कापड जाड, अस्तर शाबूत, शिवणीत भरपूर माया. आतल्या खिशाच्या तोंडाशी शिंप्याची पट्टी आहे, आणि तिच्यावर शाईने यजमानांचे नाव व १९७४ सालची तारीख. विक्रीपूर्वी ती पट्टी काढावी का, असे आम्ही बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, तुमच्या सोयीने करा. आम्ही ती अजून उसवलेली नाही. सूट घ्यायला दोघे-तिघे येऊन गेले. पण यजमान चांगले पाच फूट अकरा इंच उंच होते, आणि तेवढे गिऱ्हाईक अद्याप आलेले नाही.