चमच्यावर ठरेल एवढं दाट

सहा महिने भरत आले की बाळाची नजर बदलते. तोवर आईच्या चेहऱ्यावर खिळलेले डोळे आता ताटाकडे वळतात, घासामागोमाग मोठ्यांच्या तोंडापर्यंत जातात आणि घास दिसेनासा झाला की बाळाचा खालचा ओठ हलतो. मान सावरलेली असते, टेकू दिला की बसता येतं, हाताला लागेल ते तोंडात जातं. माझ्या लेखी उष्टावणाचा खरा मुहूर्त हाच. पंचांगातलाही त्याच सुमारास येतो, आणि यात आपल्या जुन्या बायकांचं निरीक्षण मला दिसतं. सहाव्या महिन्यात हलकं, हितकर अन्न द्यावं असं सुश्रुतानं सांगितलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिने झाल्यावर वरचं अन्न सुरू करा म्हणते. आईच्या पोटातून बाळानं बरोबर आणलेलं लोह या वेळेला सरत आलेलं असतं, आणि आईच्या दुधात ते मुळातच थोडं.

मग मामाची मांडी, चांदीची वाटी, नवं झबलं. खिरीचं बोट जिभेला लागतं आणि सगळे बाळाच्या तोंडाकडे बघत राहतात. पहिला घास बहुधा परत येतो. ‘आवडलं नाही वाटतं!’ असं कुणीतरी म्हणतंच. पण आवडीनिवडीचा प्रश्नच तिथे नसतो. जन्मल्यापासून त्या जिभेला दूध ओढणं आणि भलतंसलतं बाहेर लोटणं एवढंच ठाऊक. अन्न मागे नेऊन गिळायचं हे तिला नव्यानं शिकायचं आहे. आजी हनुवटीवर ओघळलेलं चमच्याच्या कडेनं निपटते आणि पुन्हा ओठांशी नेते, तेव्हा ती अगदी योग्य करत असते. एखादी चव ओळखीची व्हायला आठ-दहा वेळाही लागतात. आज थुंकलेला लाल भोपळा पुढच्या आठवड्यात वाटी चाटून संपतो.

मला कळकळीनं सांगायचं आहे ते मात्र दाटपणाबद्दल. ‘बाधेल हो, पातळच दे,’ हे वाक्य आपल्या घराघरांत आहे, आणि ते मायेपोटीच येतं. त्यातूनच वरणाचं वरचं पाणी, भाताची निवळ, डाळीचं कढण बाळाच्या वाटीत येतं. डाळ खाली, भांड्याच्या तळाशी राहते आणि मोठ्यांच्या पानात जाते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला साधारण 200 कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. आठव्या महिन्यात पोटात मावतं एका वेळी जेमतेम वाटीभर. ती वाटी पाण्यानं भरली तर पोट टम्म होतं, बाळ तोंड फिरवतं, आणि जे गेलं त्यात आईच्या दुधाइतकंही बळ नसतं. म्हणून चमचा तिरका केला तरी चटकन ओघळणार नाही एवढं दाट हवं. डाळ-तांदूळ मऊ शिजवून चांगले घोटावेत, वर तुपाची धार सोडावी. तूप हे थोडक्या जागेत पुष्कळ शक्ती देणारं अन्न आहे, तिथे हात आखडू नये.

दाट हवं, पण गिळता यावं. ही अडचण नाचणीच्या सत्त्वानं फार सुंदर सोडवली आहे. नाचणी (नाशिककडे नागली) रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद आचेवर हलकी भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. मोड येताना दाण्यात एक विकर तयार होतं आणि ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. त्यामुळे खीर शिजताना फुगून खळ होत नाही. तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि तरी ती जिभेवरून सहज उतरते. भाजताना आच वाढली तर हा गुण जातो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी याच तत्त्वावर काम केलं: मोडाच्या धान्याचं चिमूटभर पीठ घातलं तरी घट्ट लापशी सैल होते. ज्या आईला पहाटे कामावर जायचं आहे आणि बाळाला दिवसभर थोरल्या बहिणीच्या हाती सोपवायचं आहे, तिच्यासाठी हे ज्ञान लाखमोलाचं. अंगणवाडीतून सहा महिन्यांपुढच्या बाळांना घरी न्यायला मिळणारा आहारही असाच दाट शिजवायला हवा.

चवीच्या बाबतीत आपण बाळाला उगाच कोरं समजतो. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना गाजराचा रस दिला होता. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराची चव असलेली लापशी अधिक सहज स्वीकारली. हे 2001 साली प्रसिद्ध झालं. लसणाचा वासही गर्भजलापर्यंत पोचतो. म्हणजे बाळंतिणीनं खाल्लेल्या मेथीच्या भाजीची, लसणाच्या फोडणीची ओळख बाळाला चमच्याआधीच झालेली असणार. तेव्हा जिऱ्याचा, लसणाचा स्वाद खुशाल द्यावा. मीठ-साखर वर्षभर घालू नये, आणि मध तर वर्षाच्या आत चाटणातूनसुद्धा नको. त्यातल्या जिवाणूंची बीजं एवढ्याशा आतड्यात रुजून जिवावर बेततात.

नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनीची चिमट जमते. मग वाटून, घोटून देणं कमी करावं. शिजलेल्या बटाट्याची फोड, वरणात भिजून मऊ झालेली भाकरी त्याच्यासमोर ठेवावी. सांडू द्यावं, केसांना लागू द्यावं. मान फिरवली की थांबावं. टीव्ही लावून, हात धरून आणखी चार चमचे कोंबू नयेत. किती खायचं हे त्याला कळतं. काय आणि किती दाट, हे आपण पाहायचं. वर्षाचं झालं की आईच्या दुधाबरोबर तेही घरच्यांच्या पंगतीत बसतं, आणि त्याचं वरण त्याच पातेल्यातलं असतं: तिखट पडण्याआधी, तळापासून ढवळून काढलेलं.