पंधरा खाटांचं रुग्णालय

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं रुग्णालय आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, नवरा सर्जन. नव्वदच्या दशकात बांधलेली इमारत, खाली दवाखाना आणि वर घर. तेव्हा तालुक्याला अशीच रुग्णालयं निघत. दोघं डॉक्टर, डोक्यावर बँकेचं कर्ज आणि हाताखाली गावातल्याच चार बायका. कागद म्हणाल तर केसपेपर, बिलबुक आणि पोलीस केसचं रजिस्टर. आता नुसत्या फायलींना दोन कपाटं लागतात.

नियम यायलाच नको होते, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. सोनोग्राफी मशिनं घेऊन आमच्याच व्यवसायातल्या लोकांनी काय केलं ते मी पाहिलंय. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा १९९४चा, आणि तरीही २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली निघाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. त्यानंतर तपासण्यांचा जोर वाढला तो उगाच नाही.

पण त्या कायद्याखाली रोजचं काम कसं चालतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला एफ फॉर्म लागतो. तिचं नाव, पूर्ण पत्ता, आधीची मुलं किती, त्यांत मुलगे-मुली किती, सोनोग्राफी कशासाठी, कुणी पाठवलं. तिची सही किंवा अंगठा, खाली माझी सही. रात्री दोनला रक्तस्राव होत असलेली बाई बैलगाडीतून यायची, आता जीपमधून येते, एवढाच फरक. तिला टेबलावर घेऊन एकीकडे सलाइन लावायची आणि दुसरीकडे नवऱ्याला घराचा पत्ता विचारायचा. ऊसतोड कामगार असेल तर पत्ता काय सांगणार? ‘कारखान्याचा तळ’ असं लिहून भागत नाही. फॉर्ममधली त्रुटी म्हणजे कायद्याचाच भंग धरायचा, ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये कायम केली. कोऱ्या राहिलेल्या रकान्यांच्या आडूनच लिंगनिदान लपवलं जातं, हे न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. तरीही रात्री जेवणं झाली की दिवसभरातले सगळे एफ फॉर्म घेऊन मी बसते आणि अंगठा पुसट तर आला नाही ना ते दिव्याखाली धरून बघते. महिन्याचा अहवाल पाच तारखेच्या आत जावा लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यात आम्ही लग्नाकार्यालाही जात नाही.

२०१६मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नवे नियम आले. पिवळी पिशवी, लाल पिशवी, त्यांवर बारकोड. त्याची सवय झाली, आणि ते झालं ते चांगलंच झालं.

पैशाच्या बाजूने खरा बदल घडवला तो जीवनदायी योजनेने. २०१२मध्ये ती पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आमचा सोलापूर होता. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, केंद्राची योजना जोडली गेली आणि मर्यादा पाच लाखांवर गेली. ज्यांनी ऑपरेशनसाठी जमीन गहाण टाकलेली मी बघितली, त्यांच्यासाठी हे मोठंच काम झालं. आमचं छोटं रुग्णालय मात्र योजनेत बसलं नाही. ओळखीचे पेशंट दारात येऊन विचारत, “मॅडम, तुमच्याकडं कार्ड चालत न्हाई व्हय?” नाही म्हटलं की चिठ्ठी मागत आणि सोलापूरची एसटी धरत. नवऱ्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया अशाच कमी होत गेल्या. ज्यांचं रुग्णालय योजनेत आहे ते मित्र वेगळंच रडगाणं गातात. ठरलेल्या पॅकेजात खर्च बसवायचा आणि पैसे कधी जमा होतात त्याची वाट बघायची.

मे २०२०मध्ये सरकारने कोविडचे दर ठरवून दिले. साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरवर ९,००० रुपये. मुंबई-पुण्यातली बिलं बघितली तर लगाम हवाच होता. आमच्याकडे एरवीही एवढे दर नव्हते, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

कठीण गेलं ते २०२१. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा तान्ही बाळं गेली. रुग्णालय सरकारी होतं, पण त्यानंतर तपासण्यांचा ससेमिरा खासगी रुग्णालयांच्या मागे लागला. एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि आम्हाला बोलायला तोंड राहिलं नाही. फायरची एनओसी असल्याशिवाय नर्सिंग होमच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण होईना. आमच्या इमारतीला जिना एकच. मागची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून, पुढे रस्ता. दुसरा जिना काढायचा कुठून? एजन्सीचा माणूस टेप लावून हिंडला आणि प्रसूतिगृहाची खिडकी फोडून बाहेरून लोखंडी जिना उतरवा म्हणाला. तो जिना नगरपरिषदेच्या गटारावर येत होता. त्याची परवानगी वेगळी. गच्चीवर पाण्याची टाकी, पंप, पाइप, आणि ते सगळं चालू असल्याचा बी फॉर्म दर जानेवारी-जुलैत.

त्याच वर्षी नर्सिंग होमचे नियमही बदलले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, हे आम्ही दुसऱ्याच दिवशी केलं. अडलं ते परिचारिकांपाशी. खाटांच्या हिशेबात नोंदणीकृत परिचारिका हव्यात. आमच्याकडच्या मावशी सातवी शिकलेल्या. बाळाचे ठोके कमी झाले की माझ्याआधी त्यांच्या कपाळावर आठी दिसते. कागदावर त्या आया. नियमाप्रमाणे ठेवलेल्या शिकलेल्या मुली अनुभवाचा दाखला मिळाला की पुणे गाठतात, आणि त्यांना इथे काम शिकवतात त्या मावशीच.

शेवटी आम्ही रजिस्ट्रेशनची मुदत संपू दिली. आता फक्त ओपीडी. ऑपरेशनचं टेबल आणि दिवा बायपासवरच्या नव्या रुग्णालयाने घेतला. चार डॉक्टर आणि एक बिल्डर यांनी मिळून ते काढलंय. तिथे मी आठवड्यातून ठरावीक दिवशी जाते. फायलींसाठी एक मुलगी नेमलेली आहे, ती एफ फॉर्म भरून समोर ठेवते. मी वाचून सही करते आणि पेशंटशी निवांत बोलत बसते, हे सुख मला बऱ्याच वर्षांनी मिळालं. सिझेरियनचं बिल तिथे आमच्या दुप्पट होतं. दरपत्रक मात्र काचेच्या चौकटीत, अगदी समोर लावलंय.