जुनी मशीद

बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मराठीत ‘मशीद’ म्हणत. मुंबईतल्या मस्जिद स्टेशनाचं नाव सॅम्युएल स्ट्रीटवरच्या त्यांच्या जुन्या मशिदीवरून पडलं, असं सांगतात. सांगोवांगीची गोष्ट असेलही, पण मला ती खोटी ठरवावीशी वाटत नाही. त्या मशिदीचं हिब्रू नाव ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचं दार. आणि या दाराची गोष्ट तशीच आहे.

१७९६ च्या आधी या लोकांना मशीदच नव्हती. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची मूळकथा. मग कितीतरी पिढ्या कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. धर्मग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू विसरली होती. उरला होता ‘शेमा’ हा एक मंत्र; बारसं असो की मयत, तोच म्हणायचा. सुंता, शनिवार आणि खाण्याचे काही नियम. एवढ्यावर माणसं वेगळी राहिली. पुस्तकापेक्षा सवय टिकाऊ असते, असं मला यावरून वाटतं.

सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे समाजी हसाजी दिवेकर, हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. इंग्रज-म्हैसूर युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. कैद्यांची जात विचारली गेली, तेव्हा त्याने ‘बेने इस्रायल’ असं सांगितलं. टिपूच्या आईने ते ऐकलं. कुराणात ज्यांचं नाव येतं ते लोक हेच, म्हणून तिने रदबदली केली आणि जीव वाचला. सुटून आल्यावर त्याने मुंबईत मशीद बांधली.

इतिहासकार या कथेला आख्यायिका म्हणतील. मला मात्र तिची रचना महत्त्वाची वाटते. ज्यू समाजाने आपल्या पहिल्या मशिदीच्या पायाशी एका मुसलमान बाईची दया ठेवली, आणि दोनशे वर्षं पोरांना तीच गोष्ट सांगितली. दुसरी एखादी, शौर्याची, सांगता आली असती. दिवेकर शिपाईगडीच होता.

इमारत दिसायला साधी. आजची वास्तू १८६० ची. पुढे नवी मशीद झाली, तेव्हा हिला ‘जुनी’ हे नाव चिकटलं.

मशीद उभी राहिली, पण तिच्यात ठेवायला तोरा हवी. ती आणायला दिवेकर कोचीनला गेला, आणि तिथेच वारला. कोचीन तेव्हा या लोकांचं गुरुघर होतं: ग्रंथ तिथे, शिकवणारे तिथे. मुंबईत भिंती होत्या, तिथे शब्द होते.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. मलिद्याचा विधी तिथेही होतो, एलियाहू हन्नाबीच्या नावाने, गोड पोहे, खोबरं आणि फळं ताटात घेऊन. इकडे कोकणातल्या कितीतरी मशिदींत सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना दमछाक होते. आणि कोचीनच्या १५६८ च्या परदेशी सिनेगॉगमध्ये तर स्थानिक ज्यू जवळजवळ उरलेच नाहीत. तिकीट काढून बघायला येणाऱ्यांची रांग मात्र असते.