पान कुठलं, वरचं की खालचं?

सोलापुरात कुणाच्याही झाडाचं पान पिवळं पडलं की पहिला निकाल ठरलेला असतो: पाणी कमी पडलं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या खाली यायला तयार नसतो, त्या गावात दुसरं काय सुचणार? त्यावर अपील झालं तर दुसरा निकाल लागतो, खत कमी पडलं. मग एक तांब्या जास्त पाणी, एक मूठ जास्त खत, आणि पंधरवड्यात झाड होतं त्याहून पिवळं.

कृषी सहायक म्हणून माझी नोकरी याच जिल्ह्यात गेली. आधी मोहोळ-पंढरपूर पट्ट्यातला ऊस, मग सांगोल्याकडची डाळिंबं. बांधावर उभं राहायचं, समोरच्याने हातात ठेवलेलं पान उलटसुलट करायचं आणि विचारायचं, "हे कुठनं तोडलं? शेंड्याकडचं का बुडाकडचं?" निवृत्तीनंतर विजापूर रोडला फ्लॅट घेतला आणि हा प्रश्न सुटला असं वाटलं. पण सोसायटीत बांध नसले तरी कुंड्या असतात.

एका रविवारी तिसऱ्या मजल्यावरची मुलगी दारात आली. पुण्याच्या कंपनीचं काम ती घरूनच करते. "काका, जरा वर येता का वो? सगळी झाडं एकदम पिवळी पडलीत. पाणी घालतेय, खत घालतेय, कशालाच दाद देईनात."

तिच्या खोलीच्या कोपऱ्यात लोखंडी मांडणी होती. मार्च उजाडला की गच्चीवरचा स्लॅब इतका तापतो की कुंडीतली मुळं शिजतात, म्हणून तिने झाडं घरात घेतली होती आणि वर एलईडीचे जांभळे दिवे लावले होते. लिंबू, मोगरा, जास्वंद, गुलाब, मनी प्लांट. त्या उजेडात सगळी पानं काळपट, यकृताच्या रंगाची दिसत होती. मी म्हटलं, "आधी हे दिवे बंद कर, आणि एकेक कुंडी खिडकीशी आण." जांभळ्या दिव्यात लाल आणि निळा प्रकाशच जास्त असतो. झाडाला तो चालतो, पण हिरवा आणि पिवळा यातला फरक माणसाच्या डोळ्याला त्यात कळत नाही. पानाचा रंग बघायचा तर दिवसाच्या उजेडातच बघावा.

कुंड्या खिडकीशी आल्या तेव्हा कळलं की ही एक तक्रार नव्हतीच. कुंड्या पाच होत्या आणि पिवळेपणही पाच तऱ्हांचं होतं.

त्याआधी तिला एक गोष्ट सांगावी लागली. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात हलू शकतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह आणि कॅल्शियम तसं हलत नाहीत. एकदा पानात बसली की बसली. त्यांचा तुटवडा झाला की जुनी पानं हिरवीगार राहतात आणि शेंड्याची नवी पानं फिकी निघतात. पिवळेपण कुठून सुरू झालं एवढं बघितलं तरी निम्मं निदान होतं. उरलेलं निम्मं शिरा, कडा आणि पानाची खालची बाजू सांगते.

मनी प्लांटची खालची पानं सरसकट पिवळी होती, शिरांसकट. नियमाप्रमाणे हा नत्राचा तुटवडा. पण कुंडी उचलली तर मणभर जड. चिनी मातीची शोभेची कुंडी, तिला बुडाला भोकच नव्हतं. झाड अलगद बाहेर काढलं, एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला. वासही नासक्या गवताचा. मुळं गुदमरली की मातीत असलेलं नत्रही वर जात नाही. अशा झाडाला युरिया घालणं म्हणजे मेलेल्याला जेवायला वाढणं.

गुलाबाच्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके होते. तिच्या टेबलावरचा कोरा कागद घेतला, पानाखाली धरला आणि पानावर दोन टिचक्या मारल्या. कागदावर धुळीचे कण पडले आणि त्यातले काही चालायला लागले. बोटाने पुसले तर तांबूस रेघ उठली. लाल कोळी. कोरडी गरम हवा त्याला फार मानवते, आणि एप्रिलमधल्या सोलापुरी खोलीइतकी कोरडी हवा त्याला दुसरीकडे कुठे मिळायची? इथे खताचा काही संबंध नव्हता. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा, दर दोन-तीन दिवसांनी, आणि संध्याकाळी निंबोळी तेल.

जास्वंद सगळ्यांत उंच. तिची दिव्याला टेकायला आलेली पानं पांढुरकी झाली होती आणि वीतभर खालची पानं गडद हिरवी. नवी पानं फिकी म्हणून लोहाची शंका यावी, पण शिराही तितक्याच फिक्या होत्या, आणि दिव्याकडे वळलेल्या पानांनाच हा त्रास होता. दिवा अंगावर आल्याचा तो परिणाम. मांडणीचा कप्पा खाली सरकवला, काम झालं.

मोगऱ्याच्या पानांची टोकं करपली होती आणि मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरी खरड फुटली होती. लिंबाचा प्रकार मात्र बघताक्षणी ओळखीचा. जुनी पानं ठणठणीत. शेंड्याची पानं पिवळीधमक, आणि त्या पिवळ्यावर हिरव्या शिरांची जाळी, अगदी बारीक शिरेपर्यंत रेखलेली. हे चित्र मी उसाच्या खोडव्यात हजारदा पाहिलंय. उसात शिरा लांब असतात, म्हणून जाळीऐवजी हिरवे-पिवळे पट्टे दिसतात आणि शेतकरी म्हणतो, "उसावर केवडा पडलाय."

हा लोहाचा तुटवडा. पण खरी गंमत अशी की मातीत लोह कमी नसतं. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, लोहाने भरलेली. फक्त तिच्यात चुनखडीही आहे. चुनखडीने मातीचा सामू (पीएच) आठाच्या आसपास जातो आणि त्या सामूला लोह विरघळत नाही. मूळ त्याला शिवून असतं, तरी उचलू शकत नाही. एझेब ग्री नावाच्या फ्रेंच माणसाने १८४०च्या दशकात पिवळ्या पडलेल्या पानांवर लोहाच्या क्षाराचं पाणी लावून पाहिलं होतं. जिथे पाणी लागलं तिथे पान हिरवं झालं. आपण उसावर हिराकशीचा फवारा मारतो तो त्याच वाटेने. मुळांना जे जमत नाही ते पानांकडून करून घ्यायचं.

मुलीने विचारलं, "पण काका, माती तर मी बदलली होती." कुठून आणली? सासरच्या शेतातून, दोन पोती, प्रेमाने. मी ती चाळून पाहिली. हरभऱ्याएवढे पांढरे खडे निघाले. स्वयंपाकघरातून व्हिनेगर मागवलं आणि खड्यावर चार थेंब टाकले. सोड्याच्या बाटलीसारखे फसफस बुडबुडे आले. शेतात आम्ही हेच सौम्य आम्लाने करायचो. शिवाय कुंडीत ही माती आणखी एक खोड करते. वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बशीत उतरतं. बघणाऱ्याला वाटतं झाड पोटभर पाणी प्यायलं, आणि मातीचा गोळा आतून कोरडा.

तरी मोगऱ्याची खरड आणि लिंबाचा केवडा एकाच वेळी इतका जोरात का, हे मातीने पुरतं सुटत नव्हतं. म्हणून विचारलं, "पाणी कुठलं घालतेस?" ती स्वयंपाकघरात गेली आणि आरओच्या मशीनखालची बादली घेऊन आली. मशीनमधून वाया जाणारं पाणी. नळाला आमच्याकडे रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात. बोअरचं पाणी इतकं जड की कूलरच्या गवताच्या ताट्या एका हंगामात पांढऱ्या होऊन दगडासारख्या होतात. अशा गावात आरओचं वाया जाणारं पाणी गटारात सोडणं जिवावर येतं. ते झाडांना घालणारी घरं आमच्या सोसायटीतच कितीतरी आहेत, आणि त्यांची काटकसर चुकीची आहे असं कुणी म्हणणार नाही.

पण आरओ करतं काय? पाण्यातले क्षार एका बाजूला काढून दुसऱ्या बाजूने गोड पाणी देतं. काढलेले क्षार जातात त्या बादलीत. मूळ पाण्यापेक्षा बादलीतलं पाणी जास्त खारं असतं. आरओ दुरुस्त करणारी पोरं ज्या टीडीएस मीटरने ग्राहकाला घाबरवतात, तो मीटर शेजाऱ्याकडून मागून आणला. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक विरघळलेल्या क्षारांना लिटरला ५०० मिलिग्रॅम इतकी मर्यादा घालतं, आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. मशीनमधून येणारं पिण्याचं पाणी या मर्यादेच्या कितीतरी आत होतं. बादलीतलं पाणी बोअरच्याही पुढे. शेतात असे क्षार पावसाने खाली निचरून जातात. घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही, त्यामुळे पाणी उडतं आणि क्षार मागे साठत राहतात.

तिला पटावं म्हणून दोन काचेचे पेले भरले, एकात बादलीतलं पाणी, दुसऱ्यात आरओचं गोड पाणी. दोन्हींत चिमूटभर ताजी हिराकस टाकली. चहा होईपर्यंत बादलीच्या पेल्यातलं पाणी गढूळ झालं, मग गंजाचा तांबूस गाळ खाली बसायला लागला. दुसरा पेला बराच वेळ फिकट हिरवट, नितळ. "हे असं होतं बघ. लोह दिलंस तरी कुंडीत त्याचा गंज होतो. झाडाला काय मिळणार?"

रंग बघून लोहाचं नाव घ्यायची घाई मात्र सगळीकडे चालत नाही, हेही तिला सांगितलं. डाळिंबाच्या बागेत एखादीच फांदी पिवळी पडली तर मी कधी लोहाचं नाव घेतलं नाही. ती मर रोगाची सुरुवात असू शकते. खोडाचा किंवा मुळाचा उभा छेद घ्यायचा. आत करडे-तपकिरी डाग दिसले तर ते झाड गेलं समजायचं आणि शेजारची वाचवायला लागायचं. आपल्या केगावला २००५ सालापासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. लांबचे शेतकरी तिथे नमुने घेऊन येतात ते याचसाठी, की नुसत्या रंगावरून औषध मारलं तर हंगाम हातचा जातो. कुंडीत हंगाम जात नाही, पण पद्धत तीच: छेद, वास, कागद, थेंब, आणि मग औषध.

लिंबासाठी मी तिला कृषी सेवा केंद्रातून ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह आणायला लावलं. साधी हिराकस किंवा ईडीटीए प्रकारचं लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही, हे टिकतं. पाण्यात टाकलं की रक्तासारखा लाल रंग येतो, फरशीवर सांडलं तर डाग जात नाही, म्हणून कुंडी बाथरूममध्ये नेऊन दिलं. मोगऱ्याच्या मातीतून भरपूर गोडं पाणी वाहून जाऊ दिलं, म्हणजे साठलेले क्षार बशीवाटे निघाले. मनी प्लांटचे धड शेंडे कापून पाण्यात ठेवले. नवी माती करताना शेतातली माती थोडीच घेतली, बाकी कोकोपीट आणि गांडूळखत. तिने मध्येच विचारलं, लिंबू पिळून पाणी घातलं तर? थोडा वेळ सामू उतरतो, पण मातीतली चुनखडी ते आम्ल लगेच गिळून टाकते. लिंबू सरबताला ठेवावं.

करपलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत, ती मोजायचीच नसतात. लिंबाला आलेली पुढची फूट बघायची, आणि ती हिरवी आली. बादलीतलं पाणी आता फरशी पुसायला आणि संडासात जातं. पावसाळ्यात गच्चीच्या पाइपाखाली पिंप ठेवायचं सोसायटीने कबूल केलंय. पावसाच्या पाण्याइतकं गोडं पाणी कुंडीला दुसरं नाही.

या प्रकरणानंतर सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर मला पिवळ्या पानांचे फोटो येऊ लागले. तोडून तळहातावर ठेवलेलं एकच पान, ट्यूबलाइटखाली काढलेलं, आणि खाली "काका, कुठलं औषध?" त्याला माझं उत्तर ठरलंय. पानाचा नको, झाडाचा फोटो पाठवा, उजेडात, बुडापासून शेंड्यापर्यंत. एक पानाच्या पाठीचा. आणि पाणी घालता त्या बादलीचाही एक.