गैरहजर दिवसांची बेरीज

स्मरणिकेसाठी आपल्या कार्यक्षेत्राविषयी लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हाच, की माझ्या कार्यक्षेत्राला मराठीत म्हणावे तरी काय? विद्यापीठाच्या संगणन केंद्रात गेली सतरा वर्षे मी संशोधकांसाठी आज्ञावली लिहितो. मी प्राध्यापक नाही, आणि कार्यालयातले संगणक दुरुस्त करणारा तंत्रज्ञही नाही. २०१२ साली ऑक्सफर्डमधील एका कार्यशाळेत अशा मंडळींसाठी ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनियर’ हे नाव पुढे आले. काम त्यापूर्वीही होतेच, त्याला नाव नव्हते. गावी कोणी विचारले, तर आई ‘कॉलेजात संगणकावर असतो’ एवढेच सांगते, आणि ते खोटे नाही.

आमच्याकडे येणारा संशोधक बहुधा एखादी जुनी आज्ञावली घेऊन येतो. ती कधीकाळच्या विद्यार्थ्याने फोरट्रान भाषेत लिहिलेली असते आणि तो विद्यार्थी केव्हाच निघून गेलेला असतो. ही भाषा १९५७ची. पण हवामानाची कितीतरी प्रारूपे आजही तिच्यावरच चालतात. ती आज्ञावली समजून घ्यायची, वेगवान करायची आणि आज आलेले उत्तर उद्याही तेच येईल याची खात्री करायची, हे आमचे काम. यंत्र चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच शांतपणे देते, ही यातली खरी अडचण. एक्सेल जनुकांच्या काही नावांना तारखा समजून बदलून टाकत असे, म्हणून २०२०च्या सुमारास शास्त्रज्ञांनी त्या जनुकांचीच नावे बदलली! शहाण्याने माघार घ्यावी, त्यातला प्रकार.

माझ्या हातून झालेली चूक मात्र एवढी गमतीची नव्हती.

एक संशोधक विद्यार्थिनी कोकणातील पावसाचा अभ्यास करीत होती. एकोणीस केंद्रांच्या दैनंदिन नोंदी, जून ते सप्टेंबर, दरवर्षी १२२ दिवस. तिच्या आज्ञावलीला दोन तास लागत. मी ती सात मिनिटांवर आणली. त्याचा मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. तिच्या निष्कर्षात अलीकडच्या वर्षांत पाऊस घटताना दिसत होता.

प्रबंध सादर व्हायला सहा आठवडे उरले असताना मी सहज एका केंद्राच्या एका हंगामाची बेरीज हाताने केली. यंत्राच्या उत्तरात २९९.७ मिलिमीटरची तूट निघाली. तो आकडा मी बराच वेळ पाहत राहिलो. २९९.७ म्हणजे तीन वेळा ९९.९. ज्या दिवसाची नोंद नाही, तिथे त्या फायलींत उणे ९९९ लिहिलेले असे, आणि आज्ञावली तो आकडा ओळखून वगळत असे. पाऊस मिलिमीटरच्या दशांशात होता. वेळ वाचवण्यासाठी मी दहाने भागण्याची पायरी वगळण्याच्या आधी आणली. उणे ९९९चे उणे ९९.९ झाले, वगळले गेले नाही, आणि नोंद नसलेला प्रत्येक दिवस हंगामातून जवळपास शंभर मिलिमीटर पाऊस वजा करू लागला. जिथे तीन हजार मिलिमीटर पडतो, तिथे ही तूट डोळ्यांत भरत नाही. अलीकडच्या वर्षांत पाऊस घटला नव्हता. नोंदी घटल्या होत्या.

मला आपल्या वसतिगृहातील कोठीची वही आठवली. सातवीत असताना ती माझ्याकडे होती. दरडोई भाकऱ्यांची सरासरी काढताना गावी गेलेल्या दोन मुलांपुढे मी शून्य मांडले होते. अधीक्षक गुरुजींनी वही परत केली. ‘जेवला नाही तो वेगळा आणि नव्हता तो वेगळा,’ एवढे म्हणून त्यांनी महिन्याचा हिशेब पुन्हा करायला लावला. तीस वर्षांनी मी त्याच चुकीपाशी उभा होतो.

ती रात्र गप्प राहण्याची कारणे शोधण्यात गेली. परीक्षक आज्ञावली उघडून पाहत नाहीत, हे मला ठाऊक होते. सकाळी मार्गदर्शकांच्या खोलीत जाऊन दोघांना सगळे सांगितले. मार्गदर्शक काही बोलले नाहीत. तिने विचारले, “सर, किती केंद्रांवर?”

“एकोणीसपैकी अकरा.”

तिला एक प्रकरण पूर्ण नव्याने लिहावे लागले. प्रबंध चार महिने लांबला, आणि त्या काळात तिची शिष्यवृत्ती संपली. ते नुकसान मला भरून देता आले नाही. मी एवढेच करू शकलो, की १२२ ओळींची एक छोटी फाईल तयार केली. तीत तीन दिवस नोंदीविना आहेत आणि बेरीज हाताने केलेली आहे. आज्ञावलीत कोणीही अक्षर बदलले, की आधी ती फाईल तपासली जाते.

पुढल्या वर्षी तिचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पाऊस घटल्याचे त्यात म्हटलेले नाही. नोंदींतील खंडांविषयी एक स्वतंत्र परिच्छेद आहे. शेवटी आभारात माझे नाव आहे, आडनावाचे एक अक्षर चुकलेले. ते दुरुस्त करा, असे मी कोणाला सांगितले नाही.