तिसरी जागा

ठाकुर्ली आणि तिला दोन्ही बाजूंनी लागून असलेल्या डोंबिवली-कल्याणमध्ये वाढलेल्या, आज पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या पिढीच्या आयुष्यात सायकल एकदाच येत नाही. ती येते, अडगळीत जाते आणि दर वेळी निराळ्या कामासाठी परत येते. पहिल्यांदा ती येते तासाच्या भाड्याने किंवा वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी, आणि दोन्ही वेळा ती चालवणाऱ्याच्या मानाने फार मोठी असते. सीटवर बसले तर पाय पायडलला पोचत नाहीत, म्हणून मूल आडव्या नळीखालून उजवा पाय पलीकडे घालते, डाव्या हाताने हँडल आणि उजव्या बगलेत सीट धरते आणि पायडल पूर्ण न फिरवता अर्धेच खाली-वर करत सायकल पुढे नेते. या प्रकाराला हाफ पायडल म्हणतात. बारा बंगल्याचा झाडांच्या सावलीतला रस्ता, रेल्वेचे मैदान, चोळेगावच्या तळ्याचा परिसर ही या शिक्षणाची ठिकाणे होती आणि फुटलेले गुडघे ही त्याची फी होती, असे म्हणायला हरकत नाही. त्या फुटण्याला मात्र वैद्यकीय अर्थ नव्हता. खरचटलेल्या कातडीवर हळद लागायची, खपली धरायची, ती काढू नकोस असे बजावूनही काढली जायची आणि आतल्या सांध्याला या सगळ्याचा पत्ताही नसायचा.

दुसऱ्यांदा सायकल येते ती नोकरीच्या वयात, निव्वळ स्टेशन गाठण्याचे साधन म्हणून. जीआयपी रेल्वेने १९२९ साली आगगाड्यांना वीज पुरवण्यासाठी उभारलेले चोळा वीजकेंद्र ज्या गावाची ओळख होते, तिथे पाळीवर जाणाऱ्याची आणि लोकल पकडणाऱ्याची सायकल सारखीच काळी, सारखीच जड आणि मागे कॅरियर लावलेली असे. स्टँडवर ती बिल्ला घेऊन सोडायची आणि संध्याकाळी शंभर हँडलांच्या गुंत्यातून ओढून काढायची. शेअर रिक्षा आल्या, स्कूटर आल्या, चाळींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि ही सायकल जिन्याखाली गेली. तिच्याविषयी कोणी फारशी हळहळ व्यक्त केली नाही, आणि ते योग्यच होते.

तिसऱ्यांदा ती येते तेव्हा तिची गरज कोणालाच नसते, आणि बहुधा म्हणूनच ती सर्वांत महाग असते. खाली वळलेल्या हँडलची, पंचवीस ते अठ्ठावीस मिलिमीटर रुंद टायरची, एका हाताने उचलता येणारी ही रोड बाइक चाळिशी ओलांडलेल्या बँक कर्मचाऱ्यांनी, शिक्षकांनी, दुकानदारांनी घेतली, यामागे वाढते वजन आणि चढता रक्तदाब ही कारणे होतीच. पण डोळ्यांसमोर काही उदाहरणेही होती. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब जुन्या लोकांना ठाऊक होता. नव्यांना २०१५ साली सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण करणारे नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू आणि २०१७ साली तीच शर्यत एकट्याने पूर्ण करणारे नागपूरचे डॉ. अमित समर्थ ठाऊक झाले. हे तिघेही डॉक्टर आहेत. त्यामुळे ‘आता सायकल बंद करा’ हा सल्ला पुढे कोणा डॉक्टरने दिला, तरी तो रुग्णाच्या गळी उतरणे कठीणच होते.

या तिसऱ्या सायकलीचे खरे आयुष्य घोळक्यात आहे. रविवारी उजाडण्यापूर्वी नव्वद फुटी रस्त्यावर जमायचे, शंभरी ओलांडून २०१८ साली पाडला गेलेला आणि २०२१ साली नव्याने खुला झालेला पत्री पूल पार करून कल्याणात शिरायचे, शहाड, म्हारळ, कांबा करत रायत्याच्या पुलावर उल्हास नदी ओलांडायची, गोवेलीच्या फाट्यावरून टिटवाळ्याकडे वळायचे किंवा सरळ मुरबाडची वाट धरायची, आणि थंडीत अंगात रग असेल तेव्हा माळशेजच्या पायथ्यापर्यंत मजल मारायची, असा हा क्रम आहे. यात एकामागे एक अशी रांग धरण्याला केवळ वाहतुकीची शिस्त हे कारण नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात, त्यामुळे सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या आसपास पोचलेल्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. त्याच्या मागच्या चाकाला हातभर अंतरावर चिकटून राहणाऱ्याला मात्र ही मेहनत साधारण एक तृतीयांशाने कमी पडते. याला ड्राफ्टिंग म्हणतात. पुढे राहण्याची पाळी दर काही मिनिटांनी बदलते, आणि ज्याने आपली पाळी घेतली नाही त्याच्याकडे सगळे काही न बोलता पाहतात.

अशाच एका रविवारी, पावसाळा संपता संपता, रस्त्याच्या कडेला बसवलेल्या पेव्हर ब्लॉकच्या दोन रांगांमधल्या फटीत पुढचे चाक लांबीने अडकले की काय होते, हे सविस्तर सांगण्याची गरज नाही. सांगण्याजोगा भाग एवढाच की या सायकलींच्या पायडलमध्ये बूट अडकवलेला असतो. बुटाच्या तळाशी स्क्रूने बसवलेला क्लीट नावाचा तुकडा टाच बाहेर फिरवल्यावरच सुटतो, आणि पडताना तो वेळेवर सुटला नाही तर शरीर एका दिशेला जाते, पाऊल दुसरीकडे धरलेले राहते आणि मधल्या गुडघ्याला पीळ बसतो. गुडघा मुख्यतः वाकण्यासाठी आणि सरळ होण्यासाठी घडलेला सांधा आहे, पिळण्याची त्याची मुभा फार थोडी. त्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदून जाणारे दोन बंध असतात, त्यांतल्या पुढच्याला अँटेरियर क्रूशिएट लिगामेंट, बोलण्यात एसीएल, म्हणतात. नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू न देणे हे त्याचे काम. तो तुटला तर आपला आपण सहसा सांधला जात नाही, म्हणून मांडीच्या मागच्या बाजूच्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे हाडाला जोडणारे दोरीसारखे भाग, काढून त्यांचा नवा बंध हाडांत बोगदे पाडून बसवला जातो. या शस्त्रक्रियेतली चकवणारी गोष्ट अशी की बसवलेला बंध पहिल्या दिवशी जितका मजबूत असतो, तितका दोन-तीन महिन्यांनी नसतो. त्याच्यातल्या जुन्या पेशी मरतात, नवे रक्त आत शिरते, नव्या पेशी वस्ती करतात, आणि या उलथापालथीच्या काळात तो सर्वांत दुबळा असतो. नेमका याच काळात रुग्णाची सूज उतरलेली असते, लंगडणे थांबलेले असते आणि गॅलरीत उभी असलेली सायकल खुणावू लागलेली असते.

दुसरी चकवणारी गोष्ट स्नायूंची. मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स नावाचा चार भागांचा स्नायू गुडघा सरळ करतो, पायडल खाली दाबण्यात त्याचा वाटा मोठा असतो. सांध्यात पाणी साचले की मज्जासंस्था या स्नायूला जाणारी आज्ञाच रोखून धरते. स्नायू जागेवर असतो, त्याला इजाही झालेली नसते, पण माणूस पाय ताठ करायला जातो तेव्हा वाटीच्या वरचे मांस नुसते थरथरते. दोन-चार आठवड्यांत ती मांडी डोळ्यांना दिसेल इतकी वाळते. फिजिओथेरपीचे पहिले कितीतरी दिवस गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबण्यात जातात, आणि घाटरस्त्यांच्या गप्पा मारणाऱ्या माणसाला टॉवेल दाबून घाम फुटतो.

मग सायकल चौथ्यांदा येते: चाके नसलेली, भिंतीकडे तोंड करून उभी, उपचार म्हणून. तिची शिफारस होण्याला पक्का आधार आहे. बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यात बल मोजणारी यंत्रणा बसवलेल्या रुग्णांना सायकलवर बसवून मोजमापे घेतली, तेव्हा मध्यम जोर लावतानाही गुडघ्यावर येणारा भार शरीराच्या वजनापेक्षा थोडाच अधिक भरला. साध्या चालण्यात तो सुमारे अडीच पट असतो आणि जिना उतरताना त्याहून जास्त. पण पायडलचा पूर्ण फेरा घ्यायला गुडघा साधारण १०५ ते ११० अंशांत वाकावा लागतो आणि ताठरलेला सांधा तिथवर जात नाही. म्हणून फिजिओथेरपिस्ट सीट नेहमीपेक्षा वर चढवतो आणि पायडल अर्धे पुढे, अर्धे मागे एवढेच हलवायला सांगतो. बारा बंगल्याच्या रस्त्यावर जे आठ-नऊ वर्षांचे असताना केले, तेच हाफ पायडल पन्नाशीत पुन्हा करावे लागते, आणि या खेपेला नळी आडवी येत नाही, स्वतःचे हाड येते. पहिला पूर्ण फेरा बहुधा उलट्या दिशेने जमतो. वरच्या टोकाशी सांधा क्षणभर अडतो, कंबर नकळत एका बाजूला उचलली जाते, आत काहीतरी सरकल्यासारखे होते आणि पायडल पलीकडे उतरते.

रस्त्यावर परतण्यापूर्वी सायकलही माणसाप्रमाणे तपासून घ्यावी लागते. पायडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहील इतकी सीटची उंची असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. सीट खाली राहिली तर वाटीच्या पुढच्या भागात दुखते, जास्त वर गेली तर गुडघ्याच्या मागे ओढ बसते. सीटच्या दांड्यावर जुन्या उंचीची खूण म्हणून गुंडाळलेली काळी चिकटपट्टी, ॲलन कीने सैल केलेला स्क्रू आणि तीन मिलिमीटर वर की पाच, यावर चालणारी चर्चा हे दृश्य बाहेरच्याला हास्यास्पद वाटते. परंतु मिनिटाला ८५ या गतीने तासाभरात गुडघा ५,१०० वेळा वाकतो, आणि इतक्या वेळा झालेली लहानशी चूक लहान राहत नाही. ही गती, जिला कॅडन्स म्हणतात, राखण्यासाठी हलका गिअर ठेवायचा, जड गिअरवर दातओठ खायचे नाहीत, हा दुसरा दंडक. अनुभवी सायकलस्वाराला हे पाळणे अवघड जाते, कारण हलक्या गिअरवर भरभर फिरणारे पाय नवशिक्याचे दिसतात.

घोळक्यात परतणे मात्र निव्वळ शरीराचे काम नाही. बरा होत असलेला माणूस आला की सगळे त्याला प्रेमाने सांगतात, तू मागे राहा, सावकाश ये. यात सौजन्य आहे, पण यांत्रिकदृष्ट्या हा सल्ला चुकीचा आहे. रांगेतल्या पहिल्याने ‘खड्डा!’ असे ओरडून वेग किंचित कमी केला, तर दुसऱ्याला थोडे अधिक दाबावे लागते, तिसऱ्याला त्याहून अधिक, आणि शेवटचा जवळजवळ थांबतो. खड्डा ओलांडून पहिला पूर्ववत निघतो तेव्हा शेवटच्याला सर्वांत मोठे अंतर सर्वांत जोराने भरून काढावे लागते. शहाडच्या उड्डाणपुलापासून म्हारळपर्यंत खड्डे, गतिरोधक, आडव्या येणाऱ्या रिक्षा आणि रस्त्यात बसलेली गुरे मिळून असे प्रसंग सतत येतात, आणि नव्या बंधाला संथ, सलग मेहनतीपेक्षा असा अचानक लावलेला जोरच अधिक नडतो. शेपटाला राहणाऱ्याला हवेची सवलत मिळते आणि ती सगळी अशा झटक्यांत खर्च होते. दुबळ्या गुडघ्याची जागा शेवटची नाही, तिसरी आहे: पुढे दोघे हवा कापणारे, मागे बाकीचे, आणि खड्ड्याची हाक दोनच माणसांतून येणारी.

तिसरी जागा घेण्यातली अडचण लाजेची आहे. मागे रेंगाळणाऱ्याचे कोणावर ओझे नसते. तिसऱ्या जागेवर बसून पाळी न घेणारा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या श्रमावर जातो. या पट्ट्यातल्या माणसाला खरे तर या व्यवहाराचे धडे वेगळे द्यायला नकोत. सकाळच्या लोकलमध्ये रोजच्या गाडीचा ग्रुप असतो, डोंबिवलीला बसायला मिळालेला ठाणे-मुलुंड आले की उठतो आणि उभ्या सोबत्याला बसवतो. त्यातच कोणाची कंबर धरलेली असेल, कोणी बाळंतपणानंतर कामावर रुजू झालेली असेल, तर तिच्या बाबतीत उठण्याचा नियम महिनोन्महिने बाजूला ठेवला जातो आणि त्याची वाच्यता होत नाही. रविवारच्या रांगेतले चेहरे बरेचसे याच डब्यांतले आहेत. तरी सोमवारी डब्यात सहज स्वीकारलेली जागा रविवारी सायकलवर स्वीकारताना पुरुषांना, आणि हे विशेषतः पुरुषांनाच, जड जाते. हवेच्या शास्त्राने थोडा दिलासा दिला आहे: मागे चिकटून येणाऱ्यामुळे पुढच्याच्या पाठीमागची हवेची ओढ घटते आणि त्याचाही विरोध दोन-तीन टक्क्यांच्या घरात कमी होतो. हा वाटा तुटपुंजा आहे, पण अगदीच शून्य नाही.

परतीनंतर काही आठवडे असे गेले, की रांगेच्या म्होरक्याने न विचारता तिसरी जागा मोकळी सोडायची, आणि कांबा ते रायते या सपाट तुकड्यावर, मागून वारा असेल तरच, अर्धा-एक मिनिट पुढे येऊ द्यायचे. चढ आला की जो तो आपापल्या दमाने जातो. तिथे वेग कमी असल्याने ड्राफ्टिंगचा लाभ फारसा उरत नाही. माळशेजचा विषय त्यामुळे तूर्त निघत नाही. निघतो तो ब्रेव्हेचा: पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार चालणारी ही शर्यत नसलेली लांब पल्ल्याची सफर, जिच्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात, क्रमांक दिले जात नाहीत आणि सोबत्यांच्या मागे राहायला मनाई नसते. थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटर ही सरासरी बरा होत आलेल्या गुडघ्याला झेपण्यासारखी आहे. फिजिओथेरपिस्टची अट एकच आहे, की आधी दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत यावी. वाटीच्या दहा सेंटिमीटर वर मांडीभोवती गुंडाळलेली मापाची फीत अजून दोन्ही पायांत दीड सेंटिमीटरचा फरक दाखवते.