गालिच्यावरची चिन्हे काय सांगतात?

गालिचा म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पायाखाली अंथरायची वस्तू, असेच आपल्याला वाटते. पण इराण आणि चीनमधले जुने गालिचे पुस्तकासारखे वाचता येतात.

इराणच्या वायव्येला अर्दबिल हे शहर आहे. तेथील सूफी संत शेख सफीउद्दीन यांच्या दर्ग्यातला म्हणून प्रसिद्ध असलेला गालिचा 1893 मध्ये लंडनच्या संग्रहालयाने दोन हजार पौंडांना घेतला. तो साडेदहा मीटर लांब आहे. मधोमध मोठे पिवळे चक्राकार फूल, त्याच्या दोन बाजूंना टांगलेले दोन दिवे आणि गर्द निळ्या जमिनीवर वेलीच वेली. कोरड्या मुलखात पाणी आणि बाग हेच सुख! म्हणून इराणी गालिच्यात बाग फुलते. सदाहरित सरूचे झाड तेथे चिरंतन जीवनाची खूण मानतात. आपल्या साडीच्या पदरावरची कोयरीही तिकडे 'बोतेह' नावाने भेटते.

चीनच्या निंग्शिया भागातले गालिचे तिबेट-मंगोलियाच्या बौद्ध विहारांत जात. खांबांना गुंडाळायचे गालिचे तर नवलच! जमिनीवर पसरले तर ड्रॅगन तुटलेला दिसतो. खांबाभोवती गुंडाळताच कडा जुळतात आणि ड्रॅगन खांबाला वेटोळे घालतो. चिनी गालिच्यांवर कमळ, धम्मचक्र, शंख, मासोळ्यांची जोडी आणि आदि-अंत नसलेली गाठ ही चिन्हेही आढळतात. चिखलात उगवून निर्मळ राहणारे कमळ हे बौद्ध चिन्ह धम्माबरोबर भारतातूनच तेथवर पोहोचले.

वटवाघूळ मात्र आपल्याकडे अशुभ ठरले. चिनी भाषेत वटवाघळाच्या नावात 'फू' हा उच्चार येतो आणि सुखसौभाग्यालाही 'फू' म्हणतात, म्हणून तेथे ते शुभ! म्हणजे शुभ-अशुभ प्राण्यात नसते, माणसाच्या समजुतीत असते.

आता कष्टांविषयी. अर्दबिलच्या गालिच्यात एका चौरस इंचात सुमारे 340 गाठी आहेत. प्रत्येक गाठ हाताने मारलेली. एका टोकाला मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी सन 946, म्हणजे इ.स. 1539-40, विणले आहे. हा बहुधा काम करवून घेणारा अधिकारी असावा. गाठी मारणाऱ्या विणकरांपैकी कोणाचेच नाव त्यावर नाही.

रंग विटू नयेत म्हणून संग्रहालय या गालिच्यावर दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटे दिवे लावते. रंगांची एवढी काळजी घेतात, हे योग्यच आहे. आपण मात्र मुलांना गालिच्याची नक्षी दाखवताना ती विणणाऱ्या बोटांविषयीही जरूर सांगावे.